पुनर्वसनातले दाणेबाबा

२००५ सालच्या फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळी आमच्या ओट्यावर एक लाख चाळीस हजार रुपयांचा आकडा बोलला गेला. हजर होते ते असे : आळेफाट्याचे एक मालट्रकवाले शेठ, त्यांनी आकडा बोलला. पुनर्वसनातली दहा-बारा कर्ती माणसे, त्यांनी तो ऐकून माना खाली घातल्या. मी, कारण दूध सोसायटीचा हिशेब माझ्याकडे असल्याने असल्या कामात मला मध्ये बसवत. आणि दाणेबाबा, ज्यांच्या घराखालच्या जमिनीचा तो आकडा होता. दाणेबाबा ओट्यावर मात्र नव्हते. ते अंगणाच्या कडेला, चपला काढून, मातीत बसले होते.

चपला काढणे ही त्यांची खोडच होती. दुसऱ्याच्या जमिनीत पाय टाकण्याआधी ते बांधावर चपला उतरवत. मग ते कांद्याचे वाफे असोत, ताजी नांगरट असो नाहीतर बाभळीच्या काट्यांनी भरलेले पड असो. काटा मोडून लंगडताना मी त्यांना पाहिले आहे, चपला घालून दुसऱ्याच्या शेतातून जाताना कधी नाही. बोलतानाही त्यांची नजर समोरच्याच्या तोंडाकडे नसे, त्याच्या पायाखालच्या मातीकडे असे. कुणी गोठा बांधायला काढला, कुणी विहीर खणायला घेतली, की त्यांचा एकच प्रश्न : ‘‘भुईला इचारलं का?’’ विजेच्या खांबासाठी खड्डा खणणाऱ्या वायरमनलाही त्यांनी तो विचारला होता. वायरमन म्हणाला, ‘‘बाबा, भुईला नाय, पण सबस्टेशनला विचारलंय.’’ सगळे हसले. दाणेबाबाही हसले, आणि खड्ड्यातली माती हातात घेऊन चोळून बघत राहिले. आता ते नाहीत. त्यांच्यामागे त्यांच्या नावाची एक गुंठाही जागा नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

त्यांची वाडी पश्चिमेकडच्या डोंगरात होती. भाताची खाचरे, नाचणी-वरई, थोडी गुरे. ती वाडी धरणात गेली. धरणाचे पाणी आमच्या बाजूला कालव्याने यायचे होते, म्हणून कालव्याखालच्या मोठ्या खातेदारांच्या जमिनीतला हिस्सा काढून तो या लोकांना द्यायचा, असा कायदा. आमची सव्वातीन एकर गेली. त्यातच आणि शेजारच्यांच्या तुकड्यांत चाळीस कुटुंबांसाठी गावठाण पडले. चाळीस प्लॉट, प्रत्येकी तीन गुंठे, कोपऱ्यांवर दगड आणि दगडांवर लाल ऑइलपेंटने नंबर. कागदावर त्या वस्तीला नाव आहे, पण आळ्याच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नपत्रिकेवरसुद्धा तिचे नाव एकच : पुनर्वसन.

तिथे पहिले आले ते दाणेबाबा आणि त्यांच्या घरच्या सोनाआई. साल १९९४, दिवाळी होऊन गेलेली. बाकीची कुटुंबे वरच होती. भात काढायचे होते आणि पाणी अजून उंबऱ्याला लागले नव्हते. कुणीतरी पुढे होऊन जागा बघायला हवी होती. एका टेम्पोतून दोन माणसे, एक शेळी, मोडलेल्या घराचे वासे आणि भाताची कणगी एवढे उतरले. टेम्पो गेल्यावर दाणेबाबा आमच्या बांधाशी आले, चपला काढल्या आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, म्हणाले, ‘‘पावणं, पाणी मिळंल का?’’

अण्णांच्या मनात जमिनीचा राग ताजा होता. ते म्हणाले, ‘‘पावणं कोण? जमीन आमची. पावणं तुमी.’’

‘‘म्हणूनशान इचारतोय भाऊ,’’ दाणेबाबा म्हणाले.

अण्णांनी हाताने विहीर दाखवली आणि पाठ फिरवली.

दाणेबाबा हे नाव त्यांना आमच्या लोकांनी पाडले, आणि ते का पाडले हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. डोंगरात घराची जागा धरायची त्यांची एक रीत होती. सांजवेळी जागेच्या मध्यावर जमीन सारवायची, तिच्यावर पळसाचे पान ठेवायचे, पानावर तांदळाचे दाणे जोडीजोडीने मांडायचे आणि वर टोपले पालथे घालायचे. सकाळी टोपले उचलायचे. जोड्या जशाच्या तशा असतील तर भुईची परवानगी आहे. दाणे हलले, विस्कटले, मुंगीने नेले, तर तिथे घर नाही. डोंगरउताराला जिथे जमीन पाझरते, जिथे वारूळ असते, तिथे असे काही बघून घेण्यात अर्थ असणार. आमच्याकडे सपाट रानात कुणाला ते माहीत नव्हते.

सरकारी यादीत दाणेबाबांना सतरा नंबरचा प्लॉट मिळाला होता. तिथे त्यांनी दाणे मांडले, सकाळी मुंग्या. पुन्हा मांडले, पुन्हा मुंग्या. मग बावीस नंबरवर मांडले, तिथे जोड्या हलल्या नाहीत. त्यांनी तिथे वासे उभे केले. अण्णा हे बांधावरून बघत होते आणि गालात हसत होते. घर उभे राहिल्यावर त्यांनी सांगितले, ‘‘अहो, त्या पयल्या जागेवर आमचं गुऱ्हाळ व्हतं. वीस वर्षं तिथं काकवी सांडलीया. मुंग्या न्हाई येणार तर काय?’’

त्यांना वाटले, म्हातारा खजील होईल. दाणेबाबा विचार करून म्हणाले, ‘‘मंग मुंग्यांचं घर झालं ते. आपण कशाला उठवायचं?’’

मोजणीखात्याचा एक माणूस त्या दिवसांत दगड तपासायला आला होता. त्याने सांगितले, ‘‘बाबा, तुमचा नंबर पलीकडं आहे.’’ दाणेबाबा म्हणाले, ‘‘पलीकडं दाणं हाललं.’’ तो माणूस हसला. म्हणाला, बसा कुठेही, सगळे सारखेच तीन गुंठे आहेत. मी तिथे उभा होतो. त्या हसण्याची किंमत पुढे दहा वर्षांनी कळली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाकीची कुटुंबे उतरली. जवळजवळ प्रत्येकासाठी दाणेबाबांनी दाणे मांडले. दगडावरचा नंबर कुणी बघितलाच नाही. वरच्या वाडीत कुणाच्या घराला कधी नंबर नव्हता, आणि जागा भुईने दिली म्हटल्यावर कागदात ती कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. एकाची जागा दुसऱ्याच्या नंबरवर, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. दाणेबाबांच्या सतरा नंबरवर त्यांचा पुतण्या धोंडू बसला. तो नव्या विचाराचा. त्याने दाणे न मांडता मुंग्यांची पावडर टाकली आणि विटांचे घर बांधले. वाडीची देवी सगळ्यांत शेवटी आली. तिच्यासाठी कडेचा प्लॉट निघाला, तोही कागदावर कुणातरी एकाचा होताच. एक कुटुंब आलेच नाही. त्यांची मुले कल्याणला कामाला होती, ते तिकडेच राहिले. असा हिशेब झाला : चाळीस प्लॉट, एकोणचाळीस घरे आणि एक देऊळ. न आलेल्या कुटुंबाचा प्लॉट होता बावीस नंबर. त्यावर दाणेबाबांचे घर होते.

पहिली वर्षे वाईट गेली. त्यांनी बरोबर आणलेले भात आमच्या काळ्या रानात पेरले, ते वीतभर वाढून पिवळे पडले. कूपनलिकेला खारे पाणी लागले. कालव्याचे पाणी कागदावर आले, वावरात आले नाही. डोंगरात स्वतःच्या खाचरात राबणारी माणसे आमच्याकडे कांदा लावायला, कांदा काटायला रोजाने येऊ लागली. बायका वाफ्यात ओणव्या होऊन पश्चिमेकडे तोंड करत आणि पुन्हा खाली बघत. आमची माणसे त्यांना ‘पाण्याखालचे’ म्हणत. दाणेबाबांना कुणी मुद्दाम विचारी, ‘‘काय बाबा, दाणं काय म्हणत्यात? कांद्याला भाव हाये का औंदा?’’

‘‘दाणं जागंचं सांगत्यात,’’ ते म्हणत, ‘‘भावाचं तुमच्या शेठला इचारा. त्यो तरी कुटं खरं सांगतोय?’’

पुनर्वसनातला पहिला मृत्यू सोनाआईंचा. पावसाळ्यात तापाने आजारी पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. नकाशावर स्मशानाची जागा दाखवलेली होती, पण ती अजून ताब्यात आली नव्हती. आमच्या गावच्या स्मशानात नेऊ का म्हणून धोंडू दोन-चार जणांना विचारून आला, तर बघू, मीटिंग घेऊ, अशी उत्तरे मिळाली. प्रेत दारात आणि मीटिंग घेऊ! मग दाणेबाबा स्वतः उठले. आमच्या बांधाशी आले, पावसात चपला काढल्या आणि अण्णांना म्हणाले, ‘‘भाऊ, वढ्याच्या कडंला तुमचा तुकडा हाये. तिथं माझ्या माणसाला ठेवू का?’’

आमच्या घरातून विरोध झाला. काका म्हणाले, जमीन गेली ती गेली, आता उरलेल्यात मसणवटा कशाला? अण्णा म्हणाले, ‘‘सव्वातीन एकर घेतली तवा एकानं इचारलं न्हाई. हा हातभर जागंसाठी पावसात उभा राहून इचारतोय.’’ आणि त्यांनी स्वतः गोठ्यातली कोरडी लाकडे काढून दिली. त्या दिवसानंतर अण्णा त्यांना पाहुणे म्हणाले नाहीत. रोज संध्याकाळी दोघे आमच्या ओट्यावर बसत. अण्णा गेले त्या वर्षी दाणेबाबा दहा दिवस आमच्याकडे आले, चहाही न घेता त्याच जागी बसून परत गेले.

आता त्या रविवारच्या बैठकीकडे येतो. कल्याणच्या कुटुंबाने रीतसर परवानगी काढून बावीस नंबर विकला. घेणारे हे ट्रकवाले शेठ. त्यांना गाड्या लावायला आणि कांद्याच्या गोण्या ठेवायला रस्त्याकडेची जागा हवी होती. खरेदीखत घेऊन ते आले तर प्लॉटवर घर! शेठ दांडगाई करणारे नव्हते. ते म्हणाले, ‘‘बाबा, मी चोर नाय. रोख पैसे मोजलेत. मला एक लाख चाळीस हजार द्या, प्लॉट तुमच्या नावावर करून देतो. नायतर मला मोजणी टाकावी लागंल.’’

मोजणी या शब्दाने सगळ्यांचे चेहरे उतरले. एक प्लॉट मोजायचा तर शेजारचे दगड धरून मोजतात. एक सुरू झाली की सगळेच उघडे पडणार होते : एकोणचाळीसपैकी एकही घर आपल्या नंबरवर नाही. कुणाच्या स्लॅबखाली कुणाची जागा आणि कुणाच्या पत्र्याखाली कुणाची. रस्त्याकडेच्या प्लॉटचा भाव एक, मागच्याचा एक. सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले असते.

मी पाटीवर हिशेब मांडला. एक लाख चाळीस हजार भागिले एकोणचाळीस, घरटी तीन हजार पाचशे नव्वद. मी आकडा सांगितला. कुणीही नाही म्हणाले नाही. एकजण म्हणाला, ‘‘कांदा पडलाय राव यंदा.’’ दुसरा म्हणाला, ‘‘पोरीचं लगीन धरलंय.’’ मग मागून एका तरुणाचा आवाज आला, ‘‘दाणं कुणी ठिवलं व्हतं? आमी ठिवलं व्हतं का?’’

त्याला कुणी गप्प केले नाही. धोंडू काडीने ओट्याची फरशी खरवडत होता. त्याचे घर होते ती जागा कागदावर दाणेबाबांची, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होते.

‘‘देवळाचा पलाट देऊ बाबांना,’’ कुणीतरी म्हणाले, ‘‘देवी घेऊ धोंडूच्या वसरीला.’’

तेव्हा दाणेबाबा अंगणातून पहिल्यांदा बोलले. ‘‘देवी एकदा उठवलीया. आता न्हाई. शेठ, मोजणी टाकू नगा. म्या घर काढून घेतो. या समद्यांचे कागद नीट हुईपर्यंत थांबा, येवढंच.’’

शेठ थोडे ओशाळले. थांबतो म्हणाले, आणि थांबले. दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे नोंदवले पाहिजे.

सगळे गेल्यावर मी दाणेबाबांना म्हटले, ‘‘दहा हजार मी घालतो. शेठशी बोलून आकडा खाली आणू.’’ ते माझ्या पायाखालच्या फरशीकडे बघत म्हणाले, ‘‘तुज्या आण्णाची जमीन आदीच आमच्यात गेलीया. आनिक किती घालशील?’’

होळीच्या आत त्यांनी घर उतरवले. आधी कौले, एकेक करून, फुटू न देता. मग वासे. हे वासे एकदा डोंगरात उतरवले होते, ही दुसरी वेळ. पहिले दोन दिवस ते एकटेच करत होते आणि वस्तीतली माणसे आपापल्या दारांतून बघत होती. तिसऱ्या दिवशी ओट्यावर मागून बोललेला तो तरुणच शिडी घेऊन आला. दाणेबाबांनी त्याला काही विचारले नाही, वरच्या वाशाकडे बोट केले. सोनाआईंनी घातलेली चूल तेवढी त्यांनी दुसऱ्या कुणाला फोडू दिली नाही.

मग ते धोंडूच्या पडवीत राहू लागले. धोंडूची बायको दोन्ही वेळा ताट देई, पण ती पडवीत आणून देई. मी एकदा भेटायला गेलो तर पाय वर घेऊन बसले होते. म्हणाले, ‘‘हितं अजून मुंग्या लई हायेत बघ. त्येची पावडर त्येंना काय करती? शेवटाला त्यांच्यातच यावं लागलं.’’ आणि खरोखर हसले.

सगळ्यांनी मिळून अदलाबदलीचा एकच दस्त करायचे ठरले : ज्याचे घर जिथे आहे, तो प्लॉट त्याच्या नावावर. परवानगी यायला जून उजाडला. जुन्नरच्या वकिलांनी स्टॅम्प, नोंदणीची फी आणि आपली लिहिणावळ धरून चव्वेचाळीस हजार आठशे चाळीस रुपये सांगितले. या वेळी कांदा पडल्याचे कुणी बोलले नाही. मी अडतीस घरांत भागून अकराशे ऐंशी काढले आणि वर्गणी घ्यायला देवळात बसलो. दाणेबाबा आले.

‘‘घरटी किती?’’

‘‘अकराशे ऐंशी. पण बाबा, तुमचं काही नाही यात.’’

‘‘किती घरांत भागलंस?’’

‘‘अडतीस.’’

‘‘वाडीतनं हितं येकुणचाळीस घरं आली. तू अडतीस कसं काय धरतोस? पुन्यांदा भाग.’’

‘‘बाबा, त्या दस्तात तुमच्या नावावर काहीच येणार नाही.’’

‘‘भाग तर खरा.’’

देवळात बसलेल्यांपैकी कुणीतरी एकाने तरी, बाबा, राहू द्या, असे म्हणावे म्हणून मी थांबलो. देवळात बरीच माणसे होती. मग मी भागले. एकोणचाळिसांत अकराशे पन्नास आले. प्रत्येकाचे तीस रुपये वाचले. दाणेबाबांनी वासे एका सुताराला विकले होते, त्यातले पैसे होते. त्यांनी ते दोनदा मोजून माझ्यासमोर ठेवले आणि देवीच्या पाया पडून गेले.

दस्ताला आम्ही दोन जीप करून जुन्नरला गेलो. नोंदणीच्या खोलीत नावे वाचली गेली. बाकी प्रत्येकाचे नाव दोनदा येत होते, एकदा लिहून देणार म्हणून आणि एकदा लिहून घेणार म्हणून. दाणेबाबांचे एकदाच आले. सतरा नंबर धोंडूला लिहून देणार. कारकून चांगला होता, त्याच्या लक्षात आले. तो म्हणाला, ‘‘या आजोबांचं नाव घेणारांत राहिलंय वाटतं.’’

‘‘ऱ्हायलं न्हाई साहेब,’’ दाणेबाबा म्हणाले, ‘‘तितकंच हाये.’’ आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

बाहेर आल्यावर सगळ्यांना हायसे वाटत होते. कुणी चहा सांगितला, कुणी भजी. धोंडू म्हणाला, ‘‘काका, चला, जीपमधी बसा.’’ दाणेबाबांच्या हातात एक पिशवी होती, ती सकाळपासूनच होती. ते म्हणाले, ‘‘लेकीकडं जातो. मढच्या वरल्या अंगाला, डोंगरात हाये ती. तिथं भात लावायचा टाइम झालाय.’’ धोंडू एकदा बरं म्हणाला आणि चहाकडे वळला. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो.

वर्गणी जमली होती चव्वेचाळीस हजार आठशे पन्नास. वकिलांना दिले चव्वेचाळीस हजार आठशे चाळीस. दहा रुपये उरले होते. गाडी लागली, कंडक्टरने वय विचारून मढचे अर्धे तिकीट फाडले, तेरा रुपये. दहा मी त्या वर्गणीतले दिले. वरचे तीन दाणेबाबांनी कनवटीला हात घालून काढले आणि कंडक्टरच्या हातावर ठेवले.